हेडर टाकल्यापासून एक्झॉस्टचं पॅकिंग परत परत उडतंय? नवीन पॅकिंग आणायच्या आधी हे सगळं बघा

जुन्या पिकअपचा, म्हणजे शेवरोलेची सी-टेन, फोर्डची एफ-१००, डॉजची डी-सिरीज यातली कुठलीही घ्या, इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा कास्ट आयर्नचा मूळ मॅनिफोल्ड काढला, त्याजागी ट्यूबवाले हेडर बसवले, मागे डबल पाइप आणि नवे सायलेन्सर टाकले की सुरुवातीला गाडी एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि मग कधीतरी सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक यायला लागतं. पॅकिंग उडालं म्हणून नवं टाकायचं, आवाज जातो, थोडं चालवलं की परत तेच, परत त्याच पोर्टला, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या धूर बाहेर पडायच्या त्याच तोंडाला. मग लोक महागातलं पॅकिंग आणतात, कॉपरचं टाकतात, वरून सिलिकॉन फासतात, बोल्ट जोर लावून अजून आवळतात आणि शेवटी एखादा बोल्ट हेडमध्येच तुटतो.

माझं म्हणणं एकच आहे, एकाच जागी दुसऱ्यांदा पॅकिंग उडालं तर दोष पॅकिंगमध्ये नाहीये. तिथे काहीतरी हलतंय, वाकलंय, लटकतंय किंवा नको तितकं तापतंय, आणि ते सापडेपर्यंत कितीही भारी पॅकिंग टाका, ते जाणारच.

आधी खात्री करा की आवाज खरंच एक्झॉस्टचा आहे, कारण लिफ्टरची (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) टिकटिक आणि एक्झॉस्टची टिकटिक यांची लय अगदी एकच असते. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदा उघडतो आणि त्या सिलेंडरचा धूरही दोन फेऱ्यांमध्ये एकदाच बाहेर पडतो, त्यामुळे नुसतं कानाने ओळखायला गेलं तर चांगले अनुभवी लोक पण फसतात. फरक कळतो तो लोडवर आणि गरम झाल्यावर. एक्झॉस्टची गळती थंड असताना जास्त वाजते, चढावर किंवा अॅक्सिलरेटर दाबला की अजून वाढते, आणि इंजिन तापलं की बरेचदा दबते कारण लोखंड फुगून फट बुजते. अजून एक खूण म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागच्या पाइपातून फटफट येणं, त्यावेळी गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. शंका असलेल्या सिलेंडरच्या प्लगची वायर काढून तिचं टोक नीट अर्थ करून इंजिन क्षणभर चालवून बघा, एक्झॉस्टची टिकटिक लगेच नरम पडेल, लिफ्टरची पडणार नाही. वायर नुसती लोंबती ठेवू नका, इग्निशनच्या कॉइलला आणि मॉड्यूलला ते मानवत नाही. आणि हो, हेडरला टेकून जळालेली प्लगची वायर पण टिकटिक करते, स्पार्क बाहेरच उडतो, अंधारात बॉनेट उघडून बघितलं की निळी ठिणगी स्पष्ट दिसते. हेडर टाकल्यावर ही तक्रार खूप कॉमन आहे म्हणून आधीच सांगितलं.

नेमकी जागा शोधायला सगळ्यात चांगला उपाय थंड इंजिनवरच होतो. व्हॅक्यूम क्लीनर उलटा, म्हणजे हवा फेकणाऱ्या बाजूने, मागच्या पाइपाला कापड गुंडाळून लावायचा, डबल पाइप असेल तर दुसरं तोंड बंद करायचं, आणि साबणाचं पाणी सगळ्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या सपाट पट्ट्या), कलेक्टरवर (हेडरच्या ट्यूब एकत्र येतात ते तोंड), वेल्डिंगवर मारायचं. जिथे फेस येतो तिथे गळती. इंजिन चालू नाही, काही भाजत नाही, आणि वेल्डिंगमधलं पिनहोल पण सापडतं जे आवाजावरून कधीच सापडत नाही. जोडीला काजळीचे काळे पट्टे बघा, ते तर पत्ता सांगूनच ठेवतात.

हे शोधत असताना इंजिन चालू करावं लागलं तर बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये तो शिरायला हजार वाटा असतात, फायरवॉलचे सुकलेले रबरी ग्रोमेट, फ्लोअरला गंजून पडलेली भोकं, दरवाजाचे मेलेले रबर, पुढच्या काचेखालची हवेची जाळी. गाडी चालवताना डोकं जड होत असेल, मळमळत असेल तर आवाज सहन होतो म्हणून तसंच चालवत राहू नका, आधी गळती बंद करा. मागचा पाइप केबिनखाली किंवा दरवाजापाशी संपवलेला असेल तर तो पण मागे किंवा हौद्याच्या बाहेर काढा, सायलेन्सरनंतर लगेच कापून ठेवलेला पाइप कितीही भारी वाजला तरी मला तो मान्य नाही.

आता पॅकिंग कुठल्या पोर्टला उडतंय ते बघा, कारण जागेवरून कारणाचा बराच अंदाज येतो. टोकाच्या पोर्टला उडत असेल तर फ्लँज वाकलाय किंवा बोल्टना सरकायला जागा नाहीये असं धरून चाला. मधल्या दोन पोर्टना उडत असेल, आणि शेवरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक या आठ सिलेंडरच्या व्ही-एट इंजिनमध्ये मधले दोन एक्झॉस्ट पोर्ट एकमेकांना चिकटूनच असतात त्यामुळे तिथे उष्णता सगळ्यात जास्त साठते, तर फ्लँजची जाडी, पॅकिंगचा आकार आणि ट्यूनिंग बघा. सगळ्यात मागच्या पोर्टला उडत असेल तर मी सरळ गाडीखाली शिरून हँगर आणि इंजिन माउंट बघेन.

वाकण्याचं गणित एकदा समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. मॅनिफोल्ड साधारण ६० सेंटीमीटर लांब धरा, चढावर तो सहज ५०० डिग्री सेल्सिअसने तापतो, कास्ट आयर्नच्या फुगण्याच्या हिशोबाने तो ३ मिलिमीटरपेक्षा जास्त लांब होतो. हेड मात्र आतल्या पाण्यामुळे गार राहतं, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापली आणि गार झाली की मॅनिफोल्ड हेडवर पुढेमागे घासत सरकतो. टोकाची भोकं थोडी मोठी किंवा लांबट ठेवतात ती याच्यासाठीच. साध्या स्टीलचा हेडर कास्ट आयर्नपेक्षा थोडा जास्त फुगतो आणि स्टेनलेसचा तर दीडपटीच्या आसपास. त्यामुळे बोल्टच्या भोकात जागाच नसेल तर बोल्ट तुटतो, नाहीतर फ्लँज मधून फुगतो आणि पॅकिंगवरचा दाब जातो.

हेडर काढलाच आहे तर सरळ पट्टी फ्लँजवर आडवी ठेवून फीलर गेज (मोजक्या जाडीची पातळ पानं) घाला. पाव मिलिमीटरचं पान कुठेही सहज आत जात असेल तर तो फ्लँज तसाच परत लावू नका, मशीनवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, घ्या. पातळ, पाव इंची फ्लँजवाले हेडर वेल्डिंग करतानाच वाकलेले असतात, एक सूत अजून जाड म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा फ्लँज असला तर हा त्रास खूप कमी होतो, हेडर घेताना मी चकाकीपेक्षा फ्लँजची जाडी आधी बघतो. ट्यूब फ्लँजला जिथे वेल्ड केलीय तो वेल्डचा थर फ्लँजच्या वर आलेला असेल तर पॅकिंग फक्त त्या कडेवर टेकतं आणि बाकी सगळीकडे पोकळ, तो थर घासून सपाट करायचा. हेडची बाजूपण विसरू नका, जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, आणि गळती बरेच दिवस चालू असेल तर गरम वायूने हेडच्या लोखंडात बारीक खाच पाडलेली असते, नखाला लागते. तसं असेल तर पुढचं सगळं बरोबर केलं तरी तिथून येतच राहणार, हेड काढून फेस मारणं हाच पक्का इलाज.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. पोर्ट चौकोनी आहे, डी आकाराचा आहे की गोल ते जुळवून घ्या, पॅकिंगची कड पोर्टच्या आत आली की ती जळून तिथूनच सुरुवात होते. नुसत्या कागदी कंपोझिटपेक्षा स्टीलचे थर असलेलं किंवा आत स्टीलची जाळी असलेलं ग्रॅफाइट चांगलं टिकतं. लाल सिलिकॉन एक्झॉस्ट पोर्टला चालत नाही, ते साधारण ३४० डिग्रीपर्यंतचं असतं आणि पोर्टवरचा वायू त्याच्या कितीतरी वर जातो, वरून ते घसरतं त्यामुळे आवळताना पॅकिंग जागेवरून सरकतं. एक गंमत अशी की शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला मूळ कास्ट मॅनिफोल्ड बरेचदा पॅकिंगशिवायच, लोखंडावर लोखंड, बसवलेला असायचा आणि वर्षानुवर्षं गळायचा नाही, कारण दोन्ही फेस सपाट होते. यावरून सपाटपणा किती मोठी गोष्ट आहे ते कळतं.

बोल्टच्या बाबतीत लोक फक्त घट्ट आहे का एवढंच बघतात. बोल्ट घट्ट लागतोय पण तो फ्लँज दाबतोय का? हेडरचा फ्लँज मूळ मॅनिफोल्डच्या कानापेक्षा पातळ असतो, त्यात जुनेच लांब बोल्ट वापरले की ते भोकाच्या तळाला टेकतात, पान्याला एकदम कडक लागतात आणि फ्लँज मात्र सैलच. बोल्ट हाताने पूर्ण आत फिरवून बघा, डोकं फ्लँजला टेकायच्या आधीच थांबत असेल तर एकतर बोल्ट लांब आहे नाहीतर भोकात कचरा आहे, टॅप फिरवून आटे साफ करा. डॉजच्या एलए सिरीजच्या व्ही-एटला काही स्टड (डोकं नसलेले बोल्ट) थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, तिथे आट्यांना सीलर लावल्याशिवाय स्टड घातला तर कूलंट झिरपतो आणि लोक त्यालापण पॅकिंगचाच दोष समजतात. बाकी ठिकाणी निकेलचं अँटी-सीझ लावा, पुढच्या वेळी काढताना दुवा द्याल. जुना बोल्ट निघत नसेल तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, मग थोडी उष्णता, आणि आधी किंचित घट्ट करून मग सैल करायचा, गंजाची पकड तुटते. तुटलाच तर तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवा, वेल्डच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. आवळताना मधून बाहेर, दोनतीन टप्प्यांत, टॉर्क मॅन्युअलमधला किंवा हेडरवाल्याने दिलेला, अंदाजपंचे नको.

इथपर्यंत बरेच लोक करतात. पॅकिंग तरीही उडतं ते पुढच्या कारणामुळे, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्यांचं खरं दुखणं इथेच असतं. इंजिन रबराच्या माउंटवर हलतं, चेसिस हलत नाही, आणि या दोघांच्या मध्ये एक्झॉस्टचा पाइप असतो. अॅक्सिलरेटर दाबला की क्रँकच्या उलट दिशेने इंजिन मुरगळतं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. डाव्या बाजूचं माउंट फाटलेलं असेल तर ती भलतीच उचलली जाते. हा काही किरकोळ मुद्दा नाही, १९७१ साली जनरल मोटर्सला शेवरोलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच इंजिन माउंटसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, रबर सुटून इंजिन उचललं जायचं आणि थ्रॉटल अडकायचा. आज त्या काळातल्या गाडीत कितीतरी जुनं रबर असेल तर त्याचा भरवसा काय. इंजिन बंद ठेवून माउंटपाशी पहार घालून इंजिन हळू उचलून बघा, रबर आणि लोखंड वेगळं होताना दिसलं तर आधी दोन्ही बाजूंचे माउंट बदला, गिअरबॉक्सखालचं पण, मगच नवीन पॅकिंगला हात लावा.

माउंट चांगले असतील तर पाइप कसा टांगलाय ते बघा. एक सोपी परीक्षा आहे, गाडी गार असताना, खाली जॅक न लावता, कलेक्टरचे बोल्ट सैल करा. पाइप जागेवरून हलला नाही पाहिजे. खाली पडला तर सायलेन्सरचं वजन हेडर पेलत होता, आणि बाजूला उडी मारली तर पाइप ओढून ताणून बसवलेला होता. दोन्हीत मागच्या पोर्टवर सतत पहार घातल्यासारखा जोर येत राहतो आणि पॅकिंग तिथूनच सुटतं. शिवाय तीन मीटरचा पाइप २०० डिग्रीने तापला तर साधारण ७ मिलिमीटर लांब होतो, आणि तो चेसिसला कडक पट्टीने वेल्ड करून टाकला असेल तर ती सगळी लांबी पुढे हेडरला ढकलते. म्हणून पहिला आधार गिअरबॉक्सवरून घ्या म्हणजे तो इंजिनबरोबर हलेल, त्याच्या मागचे सगळे हँगर रबराचे, आणि जागा असेल तर कलेक्टरनंतर लवचिक बेलोज टाका. बसवताना सगळे क्लॅम्प सैल ठेवून पुढून मागे जुळवत या आणि सगळं जागेवर आल्यावरच आवळा, गाडी चाकांवर उभी असताना. चेसिस उचलून अॅक्सल लोंबत असताना पाइप बसवला तर खाली उतरवल्यावर अॅक्सलवरून जाणारा बाक ठोकर खातो, आणि खड्ड्यातली प्रत्येक ठोकर पाइपातून पुढे हेडरपर्यंत पोचते. १९७३ ते १९८७ च्या शेवरोलेमध्ये पेट्रोलची टाकी चेसिसच्या बाहेर बाजूला असते, तिथे डबल पाइप नेताना टाकीपासून आणि ब्रेकच्या लाइनपासून अंतर राहतंय का हे हाताने चाचपून बघा, नजरेवर जाऊ नका.

कलेक्टरचा तीन बोल्टचा सपाट फ्लँज पण असाच गळका, थोडा पाइप वाकडा झाला की एका बाजूने उघडतो. तो कापून गोल बसणारा बॉल जॉइंट लावला की पाइपला थोडा कोन चालतो आणि मधे पॅकिंगची गरजच नसते. मागच्या जोडांना यू-क्लॅम्पपेक्षा रुंद पट्टीचे बँड क्लॅम्प बरे, यू-क्लॅम्प पाइप चेपवून टाकतो आणि परत उघडायची वेळ आली की कापावाच लागतो.

हे सगळं बरोबर असून मधलेच पोर्ट जळत असतील तर उष्णता बघा. टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे पडलेलं असेल, ती वेळ पुढे आणणाऱ्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी निघालेली किंवा फाटलेली असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा मिश्रण अजून जळतच असतं आणि ती सगळी आग हेडरमध्ये जाते, रात्री ट्यूब लालसर दिसतात. हेडरमुळे इंजिन मोकळं श्वास घेतं म्हणून जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणारं छोटं भोक) कार्ब्युरेटर लीन झालेला, म्हणजे पेट्रोल कमी देत असू शकतो, प्लग काढून रंग बघा, पांढरट असतील तर जेटिंग करावं लागेल. मूळ मॅनिफोल्ड ठेवून फक्त मागचे पाइप बदलले असतील तर हीट रायझरचा (थंड असताना गरम धूर इनटेकखाली वळवणारा) व्हॉल्व्ह हाताने फिरतोय का बघा. स्प्रिंगवरचा हा व्हॉल्व्ह गंजून बंद अडकला की त्या बाजूचा सगळा धूर इनटेकखालून दुसऱ्या बाजूला जायला बघतो आणि दाब वाढतो. आणि उष्णता लपवायला साध्या स्टीलच्या हेडरला कापडी पट्टी गुंडाळू नका, आत ओल धरते, ट्यूब अजून तापते आणि गंजून पातळ होते.

सरळ सहा सिलेंडरवाल्यांसाठी वेगळी सूचना, कारण फोर्डच्या ३०० इंजिनात, जे १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत होतं, त्याच्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलमध्ये आणि शेवरोलेच्या २५० मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. दोघांना आधी एकमेकांना पूर्ण आवळून मग हेडला लावलं तर दोन्ही फेस एका पातळीत येतच नाहीत, मग एकतर इनटेक हवा ओढतं नाहीतर एक्झॉस्टचा कान तुटतो. दोघांमधले बोल्ट हातानेच सैल लावायचे, मग हेडचे बोल्ट मधून बाहेर आवळायचे, आणि सगळ्यात शेवटी दोघांमधले. हेडर टाकताना इनटेकखालची उष्णता जाते म्हणून गारव्यात इंजिन अडखळतं, त्यासाठी इनटेकखाली गरम पाण्याची प्लेट मिळते ती लावून घ्या. ऑटोमॅटिक चोक मॅनिफोल्डच्या उष्णतेवर चालणारा असेल तर तो इलेक्ट्रिक करावा लागेल, नाहीतर चोक उघडणारच नाही आणि रिच चालून सगळं काळं होईल.

पाइपाच्या जाडीवरून खूप वाद होतात. साध्या ५ ते ५.७ लिटरच्या व्ही-एटला, जी माल वाहते, ट्रेलर ओढते, डबल सव्वादोन इंच पुरेसे आहेत, अडीच म्हणजे खूप झालं, तीन इंचाने खालचा दम कमी वाटतो आणि केबिनमध्ये घुमणं वाढतं. घुमण्याचं कारण साधं आहे, व्ही-एट २००० आरपीएमला सेकंदाला १३३ वेळा फायर होते आणि रिकामी केबिन नेमकी अशाच आवाजाला साथ देते. दोन पाइपांना जोडणारा आडवा एच-पाइप टाकून बघा, नाही भागलं तर एका टोकाने बंद असलेली बाजूची नळी जोडतात, २०० डिग्रीच्या वायूला १३३ हर्ट्झसाठी तिची लांबी सुमारे ८२ सेंटीमीटर येते. पण हे गळती पूर्ण बंद झाल्यावरच करा, गळती असताना आवाजाचा अंदाज सगळा चुकतो.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, आणि गार असतानाच बोल्ट परत त्याच टॉर्कला आवळा. नवीन पॅकिंग दबतं त्यामुळे पहिल्या वेळी बोल्ट थोडे फिरतातच, घाबरू नका. अजून दोनतीनदा तापून गार झाल्यावर परत बघा. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर पेंटची एक रेघ मारून ठेवा, पुढे ऑइल बदलताना रेघा जुळतायत का बघितलं की झालं. एकाच बोल्टची रेघ सारखी सरकत असेल तर लॉकिंग बोल्ट लावायच्या आधी परत खाली जाऊन कलेक्टर सैल करून तीच परीक्षा घ्या, बहुतेक वेळा एखादा हँगर बसलेला सापडतो.